बसलेली सुरी

थंडीत लोखंडाला हात लावू नये, असं मला आत्तापर्यंत निदान सात जणांनी बजावलं आहे. त्यांत हाडांचे डॉक्टर आहेत, माझी धाकटी बहीण आहे, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि खाली गाडी लावणारा मटारवालाही आहे. सगळ्यांचं मी नीट ऐकून घेतलं. मग वर येऊन बाल्कनीतलं मशीन सुरू केलं.

दिल्लीत थंडी आधी भाजीच्या गाडीवर उतरते आणि मग अंगावर. एका सकाळी मयूर विहारच्या आमच्या गल्लीत लाल गाजरांचा ढीग दिसतो. त्याच्या शेजारी मातीसकट मुळे, ओली मेथी, आणि मटार तर इतके की सगळी सोसायटी आठवडाभर सोलत बसते. मग दोन-चार दिवसांत रजया बाहेर निघतात, नळाचं पाणी बोटांना चावायला लागतं आणि समोरची इमारत धुक्यात नाहीशी होते. परवा यंदाची पहिली गाजरं आली. धुवून ओट्यावर ठेवली. त्यांचा तो गार, ओला स्पर्श हाताला झाला आणि गेल्या वर्षीची थंडी जशीच्या तशी माझ्यासमोर येऊन बसली.

मी सुऱ्या करते. नोकरी केंद्र सरकारची. फायलींवर टिपणं लिहिण्यात तीस वर्षं गेली. पण रविवारी अकरा ते एक मी पोलाद घासते. हे सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा हसतो आणि दुसऱ्यांदा विचारतो, "कशाला? बाजारात मिळतात की." खाली उन्हात खुर्च्या टाकून बायका स्वेटर विणत असतात. स्वेटरही बाजारात मिळतात, पण त्यांना कोणी कशाला म्हणून विचारत नाही. लोकर बाईच्या हातात शोभते आणि पोलाद शोभत नाही, हे कोणी ठरवलं त्याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. लागला की मी स्वतः जाऊन भेटणार आहे.

सुरुवात एका कानशीपासून झाली. घरी कपाटं करायला आलेल्या सुताराने झिजलेली कानस कचऱ्यात टाकली. चांगलं पोलाद, नुसते दात गेले म्हणून फेकून द्यायचं? मी ती उचलली, दोन महिने घासली, आणि तिची एक वेडीवाकडी सुरी झाली. तिने टोमॅटो चिरला तेव्हा झालेला आनंद मला प्रमोशनच्या ऑर्डरनेही दिला नव्हता. माझा नवरा विनय तो टोमॅटो चाखून म्हणाला, "चव तीच आहे." त्याला कौतुक करायचं असलं की तो असाच बोलतो.

मग माझ्यासारखेच आणखी वेडे आहेत असं कळलं. दिल्ली, गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव, पानिपत मिळून आम्ही बारा जण. कोणी दात काढतो, कोणी शाळेत चित्रकला शिकवतो, कोणी कॉम्प्युटरवर बसतो, आणि सगळे फावल्या वेळात सुऱ्या करतात. आमचे म्होरके पानिपतचे दहियाजी. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, उभा जन्म हातमागांची आणि यंत्रमागांची दुरुस्ती करण्यात गेलेला. दर जानेवारीत त्यांच्या अंगणात आमची अदलाबदल होते. प्रत्येकाने स्वतः केलेली एक सुरी कापडात गुंडाळून आणायची. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची. जिचा नंबर निघेल ती आपली. घेणाऱ्याने तिथेच, सगळ्यांसमोर त्या सुरीने गाजर किंवा मुळा चिरायचा, आणि तो पहिला काप पडेपर्यंत करणाऱ्याने ती कशी चालवायची याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. कापलेलं सगळं एका परातीत जातं. बारा सुऱ्यांनी चिरलेलं ते एकच सॅलड सगळ्यांनी मिळून खायचं. ज्याच्या सुरीचे काप परातीत पडले नाहीत त्याला ती सुरी परत, आणि तो त्या वर्षापुरता बाहेर. गप्प बसायच्या नियमाबद्दल दहियाजींना विचारलं तर म्हणतात, "बनाने वाला ही बोलता रहेगा, तो छुरी कब बोलेगी?"

माझी बहीण पुण्याला असते. पहिल्या वर्षी मी निघाले तेव्हा फोनवर ओरडली होती, "पानिपतला? आणि तेही जानेवारीत? अगं, आपल्या माणसांनी काही शिकायचंच नाही का?"

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी मेट्रोच्या जिन्यावरून पडले. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण आत कुठेतरी शीर दुखावली होती. मुठीचा जोर गेला तो गेलाच. अंगठ्याशेजारची दोन बोटं वळतात, बाकीची नुसती हजर असतात. ऑफिसात सही जमायची, कुलूप उघडायचं नाही. स्वयंपाकघरात सुरी धरली की ती हातातल्या हातात फिरायची. आपण स्वतः केलेली सुरी आपल्याच हातात राहत नाही, याचं मला रडू आलं होतं. भाज्या विनय चिरायला लागला. मेथीच्या तो हातभर लांब काड्या ठेवायचा.

तरी दिवाळीनंतर मी नेहमीसारखी सुरी करायला घेतली. मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर पातं टेकवायचं, क्षणभर घासायचं, पाण्यात बुडवायचं, परत टेकवायचं. हे सगळं हाताच्या अंदाजावर चालतं. माझ्या हाताला अंदाजच उरला नव्हता. पातं पट्ट्यावर एक क्षण जास्त राहिलं आणि धारेवर निळी झाक आली. पोलाद असं निळं पडलं की धार मऊ झाली, तिथे काही उरत नाही. सुऱ्या करायला शिकणारा पहिल्या महिन्यात ही चूक करतो. मी आठव्या वर्षी केली.

त्या दुपारी मशीनवर जुनी चादर टाकताना विनय हळूच म्हणाला, "आता पुरे ना? बाल्कनीत खुर्ची ठेवू. उन्हात बसत जा."

बंगळुरूहून आमची मुलगी मुक्ता फोनवर बोलली. "आई, बिल्कुल नाही हं. यार, तुझा हात बघ जरा. मशीन देऊन टाक कोणाला तरी."

मी म्हटलं, "या अदलाबदलीत माझ्या सुरीचे काप परातीत पडले नाहीत, तर देईन." रागात बोलले, पण बोलले ते दोघांच्या साक्षीने. माझ्या शब्दाला मी जागते, हे त्या दोघांना माहीत आहे. मलाही.

विळी सुचली ती विनयच्या मेथीमुळे. त्या काड्या दाताखाली चावताना मी वैतागून म्हटलं, "विळी असती तर मी स्वतः चिरली असती." वाक्य तोंडातून गेलं आणि मी चावायची थांबले. पुढच्याच शनिवारी पहाडगंजच्या ठोक बाजारात गेले. भांड्यांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. एकाने गवत कापायचा विळा दाखवला, दुसऱ्याने पिझ्झा कापायचं चाक. मी पायाने कसं दाबायचं ते दुकानात हातवारे करून दाखवलं, तेव्हा तिसरा म्हणाला, "मैडम, सिलाई मशीन चाहिए क्या?" घरी येऊन पाय चेपत बसले, तर विनय पेपरातून मान वर न करता म्हणाला, "आपली आहे की. लॉफ्टवर." काखेत कळसा आणि गावाला वळसा.

लग्नात साताऱ्याहून आलेली ती विळी जुन्या सुटकेसमागे तीस वर्षं पडून होती. पातं गंजलेलं, पाटाला भेग. ओटा आला आणि आम्ही उभं राहून स्वयंपाक करायला लागलो, तेव्हा ती वर गेली होती. वर्तमानपत्र अंथरून मी जमिनीवर बसले, पाट पायाखाली घेतला, टोमॅटो दोन्ही तळव्यांत धरला आणि पात्यावर ढकलला. मूठ वळावी लागली नाही. काही आवळून धरावं लागलं नाही. टोमॅटोचे दोन भाग झाले आणि मी तिथेच बसून आणखी सहा चिरले. आम्ही दोन दिवस टोमॅटोचंच सार प्यालो.

मी आमच्या ग्रुपवर कळवलं की यंदा मी विळी आणणार. सोबत फोटो टाकला. ग्रुपवर आठवडाभर वाद झाला, मग दहियाजींचा फोन आला. "मैडम जी, ये छुरी नहीं है। छुरी वो, जो मुट्ठी में आए।"

मी म्हटलं, "दहिया जी, आपकी छुरी चलती है और सब्ज़ी बैठी रहती है। हमारी छुरी बैठी रहती है, सब्ज़ी चलती है। काम तो एक ही है।"

मागे मागाची खटखट ऐकू येत होती. मग दहियाजी म्हणाले, "ले आओ। जिसकी चिट्ठी निकलेगी, वो जाने। उससे नहीं कटा तो वापस।"

हाताचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते लगेच हो म्हणाले असते, माणूस मऊ आहे. पण नाचता येईना अंगण वाकडं, असं मला कोणाच्या मनातही येऊ द्यायचं नव्हतं. आणि दयेवर परातीत पडलेले काप मला गिळवले नसते. विळी ही सुरीच आहे. माझा हात धड असता तरी ती सुरीच असती. शेकडो वर्षं आमच्याकडच्या बायकांनी तिच्यावर पंगती उठवल्या, तेव्हा कोणी तिला विचारलं नाही की तू मुठीत मावतेस का.

मग महिनाभर ती विळी. आज थंडीची झुळूक आली की मला त्या महिन्याचा वास येतो. घासलेल्या लोखंडाचा, संत्र्याच्या सालीचा, हाताला चोळायच्या तेलाचा. लाकूड कापायच्या आरा-मशीनच्या जुन्या पात्यातून मी विळीचा बाक कापून घेतला. कानस हातात राहत नव्हती, म्हणून क्रेप बँडेजने ती तळहाताला बांधायची. एका हाताने बँडेज बांधता येत नाही. ते विनय बांधायचा, दर रविवारी, चहा झाल्यावर. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही," असं पुटपुटायचा आणि गाठ मात्र इतकी नेमकी मारायचा की कानस तसूभर हलायची नाही. पात्याच्या टोकाला खोबरं खवायचे दात मी अशाच बांधलेल्या हाताने एकेक करून कोरले. खाली उन्हात बायका मटार सोलत असायच्या. माझी घासघूस ऐकून एक जण वर बघून विचारायची, "हो गया क्या?" मी वरून ओरडायची, "नहीं हुआ!"

पाणी द्यायला, म्हणजे पातं लाल तापवून तेलात बुडवून कडक करायला, मी रस्त्याकडेला बसणाऱ्या भटक्या गाडिया लोहारांकडे गेले. तिथे नवरा भाता फिरवत होता आणि बायको घण मारत होती. तिच्या दंडाकडे पाहून, लोखंडाला हात लावू नको म्हणणाऱ्या माझ्या बहिणीला फोन लावावा असं मला वाटलं. पोलाद पुरेसं तापलं की त्याला चुंबक चिकटत नाही. ते तपासायला मी पर्समधून चुंबक काढलं, तर ती हसायला लागली. तिने ओढणीची सावली धरून नुसता रंग पाहिला आणि पातं तेलात बुडवलं. धूर निघाला. "है क्या ये, बाई?" तिने विचारलं. मी सांगितलं, भाजी चिरायची, पायाने दाबून बसायचं. तिने क्षणभर विचार केला. "अच्छा। फिर तो दोनों हाथ खाली।" ज्या गोष्टीवर बारा शिकलेली माणसं आठवडाभर वाद घालत होती, ती या बाईला घाम पुसेपर्यंत कळली.

कडक झालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, त्याला परत थोडं भाजावं लागतं. ते मी केकच्या ओव्हनमध्ये भाजलं. दोन तासांनी ते गव्हाच्या काडीच्या रंगाचं होऊन बाहेर आलं. सागाच्या पाटात बसवलं, जमिनीवर ठेवलं, पाय टेकवला. पाट माझ्या पावलाच्या मापाचा केला होता. ही चूक आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. जी वस्तू कोणाच्या वाट्याला जाणार हे माहीत नाही, ती मी स्वतःच्या मापाने करून बसले होते.

पानिपतच्या त्या रविवारी धुकं इतकं होतं की विनयने गाडी बैलगाडीच्या वेगाने नेली. पोचलो तेव्हा अंगणात खाटा टाकलेल्या, भिंतीपलीकडे माग चालू, परात मधोमध. माझं गाठोडं सगळ्यांत मोठं. मी शालीत हात झाकून बसले. एकेक चिठ्ठी निघत गेली, गाजरं चिरली जात होती. माझा नंबर गुडगावच्या तनेजाने काढला. तिशीचा, कॉम्प्युटरवाला, सुरीची मूठ आरशासारखी चकचकीत करणारा. त्याने कापड उलगडलं, पाट दोन्ही हातांत धरून विळी कुऱ्हाडीसारखी उचलली आणि सगळे हसले. मग त्याने ती टेबलावर ठेवली, उभ्या उभ्या वरून गाजर दाबलं. पाट घसरला, पातं गर्रकन फिरलं. बोट थोडक्यात वाचलं.

मला बोलायची परवानगी नव्हती. जीभ दातांखाली धरून बसले होते.

त्याने परत प्रयत्न केला. परत तेच. कोणीतरी म्हणालं, "छोड़ यार, कट जाएगा।" दहियाजींनी माझ्याकडे पाहिलं, नजर खाली घेतली आणि तनेजाला म्हणाले, "रहने दे बेटा। वापस बाँध दे।"

बाल्कनीतल्या चादरीखालचं मशीन मला डोळ्यांसमोर दिसलं. शेजारी खुर्ची, आणि खुर्चीत उन्हाला बसलेली मी.

मी उठले. तनेजाच्या हातून विळी घेतली. चप्पल काढली, मोजा काढला, आणि त्या बर्फासारख्या फरशीवर एक पाय मुडपून बसले. पाटावर पाय टेकवला. शाल खांद्यावरून पडली तर पडू दिली. वाकडा हात सगळ्यांसमोर उघडा पडला. त्यातली दोन बोटं वळलेली, बाकीची हजर. दोन्ही तळव्यांत गाजर धरलं आणि ढकललं. एक काप पडला. मग दुसरा, दहावा, विसावा. सगळे सारखे पातळ. भिंतीपलीकडे माग वाजत होते.

गाजर संपल्यावर दहियाजी म्हणाले, "मैडम जी, नियम था। बनाने वाला चुप रहेगा।"

"मैं बोली कहाँ, दहिया जी? मैं तो बैठी।"

ते माझ्या हाताकडे बघत होते. "ये कब हुआ?"

"पावसाळ्यात," मी मराठीतच म्हणून गेले, मग सुधारलं, "बरसात में।"

"बताया नहीं।"

"आपने मुट्ठी का नियम बताया था। हाथ का पूछा नहीं था।"

दहियाजी वाकले. एवढा उंच माणूस गुडघे धरून हळूहळू फरशीवर बसला, माझ्यासमोरचे काप ओंजळीत गोळा करायला लागला. मी त्यांचा हात अडवला. "रुकिए। छुरी इसकी है। ये काटेगा।" कारण माझ्या हातून पडलेले काप नियमात बसत नव्हते, आणि मला सूट नको होती. तनेजाने बूट काढले, माझ्या जागी बसला. त्याचं पाऊल पाटाबाहेर चार बोटं लोंबत होतं. मी त्याच्या पावलाची टाच धरून जागेवर बसवली, तोंड बंद ठेवून. त्याने गाजर ढकललं. रुपयाएवढे जाड, तिरपे, ओबडधोबड सहा काप पडले. त्याने मान वर केली आणि लहान मुलासारखा म्हणाला, "आंटी, कट गया!"

ते सहा काप परातीत गेले. त्या सॅलडमधलं मी दुसरं काही खाल्लं नाही, ते तेवढे शोधून खाल्ले.

परतताना विनयने धुक्यातून गाडी पानिपतबाहेर काढली. मग म्हणाला, "चव कशी होती?" मी म्हटलं, "तीच." घरी आल्यावर त्याने स्वतःच मशीनवरची चादर काढून धुवायला टाकली.

आठवड्याने तनेजाने ग्रुपवर फोटो टाकला. विळीचा पाट त्याने कामाच्या टेबलावरच्या शिकंज्याच्या लोखंडी जबड्यात आवळून बसवला होता आणि उभं राहून कांदा चिरत होता. माझी विळी, शिकंज्यात! दोन दिवस माझ्या तोंडाची चव गेली होती. तिसऱ्या दिवशी फोटो परत उघडून पाहिला. कांदा फारच बारीक चिरला होता. आता काय बोलणार?

हाताला अजून जोर आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, येणारही नाही. नको येऊ दे. कानस बांधायची असते तिथे मी बांधते, आणि बांधणारा माणूस घरात आहे.

परवा गाजरं धुवून ठेवली त्याच दिवशी दहियाजींचा मेसेज आला. जानेवारीतली अदलाबदल, वेळ तीच, अंगण तेच, नियम तेच. फक्त शेवटी एक ओळ नवी होती, आणि ती कोणासाठी होती हे बाराही जणांना कळलं असणार: "बनाने वाला चुप रहेगा, और बैठेगा भी नहीं।"

मी 'जी' एवढंच लिहिलं. मग बाल्कनीत गेले. दुसऱ्या विळीचा पाट तिथे अर्धा होऊन पडला आहे. यंदा तो वीतभर वाढवला आहे. दहियाजींचं पाऊलसुद्धा मावेल.